शेवटच्या अक्षरापासून

लांबलचक मजकुरात एखादा शब्द शोधण्याची सरळ रीत अशी: शब्द मजकुराच्या आरंभी ठेवायचा, डावीकडून एकेक अक्षर जुळवायचे आणि जुळले नाही की शब्द एक घर पुढे सरकवायचा. रॉबर्ट बॉयर आणि जे स्ट्रॉथर मूर यांनी १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या अल्गोरिदममध्येही शब्द डावीकडून उजवीकडेच सरकतो. जुळणी मात्र शब्दाच्या शेवटच्या अक्षरापासून सुरू होते. सारे वैभव या एका उलट्या नजरेतून उभे राहते.

‘सरळ बघ कमल’ या मजकुरात ‘कमल’ शोधू. मोकळ्या जागा धरून घरे १०. पहिली नजर तिसऱ्या घरातल्या ‘ळ’वर पडते. ‘कमल’मध्ये ‘ळ’ नाहीच. म्हणजे त्या घरावर शब्दाचे कोणतेही अक्षर बसवले तरी ते जुळणार नाही. शब्द थेट ३ घरे पुढे जातो. पुढे ‘घ’ भेटतो, पुन्हा ३ घरे. मग ‘म’ येतो. तो शब्दात आहे, म्हणून ‘म’खाली ‘म’ येईल इतकेच, एक घर सरकायचे. आता ल, म, क तिन्ही जुळतात. तुलना झाल्या ६. सरळ रीतीने १० लागल्या असत्या. शिवाय १०पैकी ५ घरांकडे कुणी पाहिलेच नाही, आणि तरीही उत्तर निर्विवाद आहे!

दुसरा नियम याहून तलम. ‘करमरकर’ शोधताना समोरच्या मजकुराच्या शेवटी ‘मकर’ आले, असे समजा. र जुळला, क जुळला, पुढे ‘र’च्या जागी ‘म’ निघाला. पहिला नियम इथे जेमतेम एक घर सरकू देतो. पण जुळलेले ‘कर’ वाया का घालवायचे? तीच जोडी शब्दाच्या आरंभीही आहे. ती या ‘कर’खाली आणली की ४ घरांची झेप मिळते. दोन्ही नियमांपैकी जो लांब नेईल त्याचे ऐकायचे. फसलेल्या जुळणीतूनही कमाई काढणारी ही काटकसर मोहून टाकते.

झेपांचे हे हिशेब आधीच कोष्टकांत मांडलेले असतात, तेही फक्त शोधायच्या शब्दावरून. मजकूर अजून उघडलेलाही नसतो. शब्द जितका लांब, तितकी झेप मोठी होण्याची शक्यता. त्यामुळे लांब शब्द शोधणे अनेकदा अधिक स्वस्त पडते. युनिक्सच्या जगात रोज वापरल्या जाणाऱ्या ग्नू ग्रेप या मजकूर शोधणाऱ्या आज्ञेच्या वेगामागे हेच तंत्र आहे.

बॉयर आणि मूर ही जोडी संगणकाकरवी प्रमेये सिद्ध करण्याच्या कामासाठीही ख्यातनाम आहे, आणि त्यांची ती शिस्त इथे प्रत्येक झेपेत दिसते. ओलांडलेल्या जागी शब्द असूच शकत नाही, हे पाऊल उचलण्याआधीच सिद्ध झालेले असते. अंदाजाने वगळणे कुणालाही जमेल. इतक्या निःशंकपणे वगळता येणे, ही खरी कारागिरी.