वडिलांचे स्वप्न, मुलींचे सूर

‘द शॅग्ज’ या वाद्यवृंदाची ‘फिलॉसफी ऑफ द वर्ल्ड’ ही ध्वनिमुद्रिका आम्ही प्रथम ऐकली तेव्हा आम्हांला हसू आवरले नाही, हे आरंभीच प्रांजळपणे सांगितलेले बरे. गिटारी सुरात लावलेल्या नाहीत, ड्रम एका वाटेने तर गाणे दुसऱ्या वाटेने, आणि या साऱ्या गोंधळात गाणाऱ्या मुलींचे स्वर मात्र कमालीचे गंभीर! पुढे त्या मुलींची हकीकत समजली आणि हसू ओसरले. तीच ध्वनिमुद्रिका पुन्हा ऐकताना जे जाणवले, ते वाचकांपुढे ठेवावे असे वाटते.

अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यात फ्रीमाँट हे लहानसे गाव आहे. तेथील ऑस्टिन विगिन हे जवळच्या एक्सेटर येथील कापडगिरणीत कामगार होते. त्यांच्या आईला हात पाहण्याचा नाद होता. मुलाच्या तळहातावरून तिने तीन भाकिते केली होती. त्याला तांबूस-सोनेरी केसांची पत्नी मिळेल. त्याला दोन मुलगे होतील, पण ते पाहण्यास ती स्वतः हयात नसेल. आणि त्याच्या मुली लोकप्रिय वाद्यवृंद काढतील. पहिली दोन खरी ठरली. तिसरे खरे करून दाखविण्याचे काम ऑस्टिन यांनी स्वतःच्या शिरावर घेतले.

त्या दशकात अमेरिकेतील गावोगावची तरुण मुले घरच्या गॅरेजमध्ये गिटारी आणि ड्रम घेऊन जमत आणि शेजाऱ्यांची झोप उडवीत. या हौशी, खडबडीत संगीताला पुढे ‘गॅरेज रॉक’ हे नाव मिळाले. ती मुले स्वेच्छेने जमत, पुष्कळदा वडीलधाऱ्यांचा रोष पत्करून. विगिन कुटुंबात नेमके उलट घडले. डॉट, बेटी आणि हेलन या तीन बहिणींना वडिलांनी शाळेतून काढून पत्रद्वारा शिक्षण सुरू केले, वाद्ये विकत आणली आणि शिकवणी लावली. सकाळी सराव, दुपारी अभ्यास, पुन्हा सराव आणि रात्री व्यायाम असा दिनक्रम आखला गेला. मुलांशी मैत्री, नाच, सहली यांना मज्जाव होता. डॉट गाणी रचून मुख्य स्वर व गिटार सांभाळी; बेटी गिटारीवर व स्वरात तिला साथ करी; हेलन ड्रम वाजवी. १९६८ साली एक्सेटर येथील एका स्पर्धेत श्रोत्यांनी त्यांची हुर्यो केली. वडिलांचा निर्धार ढळला नाही. सरावच अधिक हवा, एवढाच बोध त्यांनी घेतला. पुढे गावच्या सभागृहात शनिवारी रात्री कार्यक्रम होऊ लागले.

९ मार्च १९६९ रोजी वडिलांनी मुलींना मॅसॅच्युसेट्समधील रिव्हिअर येथील फ्लीटवुड स्टुडिओत नेले. मुलींची अजून तयारी झालेली नाही, असे तेथील तंत्रज्ञांचे मत पडले; वडिलांना थांबावयाचे नव्हते. बारा गाणी मुद्रित झाली. एक हजार तबकड्या काढावयाचे ठरले होते. त्यांपैकी नऊशे प्रकाशकासह नाहीशा झाल्या असे सांगतात. १९७५ साली दुसऱ्यांदा ध्वनिमुद्रण झाले. त्याच वर्षी ऑस्टिन विगिन हृदयविकाराने वारले, आणि वाद्यवृंदही तेथेच संपला. मुली आपापल्या संसाराला आणि नोकरीला लागल्या. ज्याचे स्वप्न होते तो गेल्यावर ते पुढे चालविण्याची इच्छा कोणालाच उरली नाही, ही गोष्ट बोलकी आहे.

आता गाण्यांकडे वळू. दुसऱ्यांदा ऐकताना प्रथम ध्यानात येते ते असे, की हा गोंधळ वाटतो तेवढा अंदाधुंद नाही. डॉट आणि बेटी एकत्र गातात आणि एकत्रच अडखळतात. गिटार डॉटच्या तोंडच्या शब्दांमागे अक्षरशः पाऊल टाकीत चालते. वाक्य लांबले की सुरावट लांबते, वाक्य संपले की ती थांबते. येथे चालीत शब्द बसविलेले नाहीत, बोलण्यालाच चाल लावलेली आहे. असे एकत्र चुकणे सरावाविना साधत नाही. हेलनचा ड्रम मात्र पलीकडच्या खोलीत कोणी वेगळेच गाणे म्हणत असावे तसा वाजत राहतो. हा दोष आहेच आणि त्याला गुण म्हणण्याचे कारण नाही. मात्र त्या दोषाखाली एक मेहनती, प्रामाणिक मन काम करीत आहे, हे ऐकू न येणाऱ्याचे कानही तितकेच बेसूर म्हणावे लागतील.

शब्दांचे म्हणाल तर डॉटची भाषा बाळबोध आहे, पण विषय पोरकट नाहीत. शीर्षकगीतात श्रीमंताला गरिबाजवळचे हवे असते आणि गरिबाला श्रीमंताजवळचे, असा जगाचा असंतोष मांडला आहे. ‘माय पाल फूट फूट’ हे तिच्या मांजराच्या शोधाचे गाणे आहे. शेवटचे गीत तारणहाराविषयी आहे. आम्हांला अधिक महत्त्वाची वाटली ती काही शीर्षके. आईबाप म्हणजे कोण? मी काय करावे? मला असे का वाटते? बारांपैकी तीन गीतांच्या माथ्यावर प्रश्नच आहेत. त्यांतील पहिल्या प्रश्नाला गीतात दिलेले उत्तर आज्ञाधारक कन्येचे आहे: आपली खरी काळजी वाहणारे ते आईबाप. या मुली तेव्हा विशीच्या आसपास होत्या. त्या वयाच्या मुलीला हा प्रश्न गाण्यात विचारावासा वाटला, यातच तिच्या मनाची घालमेल आहे. उत्तर कदाचित वडिलांना ऐकविण्यासाठी असेल. प्रश्न तिचा स्वतःचा आहे.

१९८० साली ‘एन.आर.बी.क्यू.’ या वाद्यवृंदातील टेरी ॲडम्स यांच्या पुढाकाराने ही ध्वनिमुद्रिका पुन्हा प्रकाशित झाली आणि तिला भक्त लाभले. कर्ट कोबेन यानेही आपल्या आवडत्या ध्वनिमुद्रिकांच्या यादीत तिला स्थान दिले. संगीतातील निरागसतेचा हा परमोच्च आविष्कार, असा सूर निघू लागला. मूळ वेष्टनावरील मजकुरातही या संगीतावर बाहेरचा कोणताच प्रभाव नाही, असा अभिमान मिरविला होता. या कौतुकापाशी आम्ही अडखळतो. बाहेरचा वारा लागला नाही, कारण दार बंद होते. ते बंद कोणी केले, हे विसरून तिला निरागसता म्हणणे आम्हांला योग्य वाटत नाही. हसणाऱ्यांनी या मुलींची टवाळी केली. पूजा करणाऱ्यांनी त्यांची मूर्ती केली. माणूस म्हणून त्यांच्याकडे दोघांनीही पाहिले नाही.

मग ऑस्टिन विगिन यांना दोषी ठरवावे काय? आमचा धीर होत नाही. गिरणीतल्या तुटपुंज्या मिळकतीतून वाद्ये, शिकवणी आणि ध्वनिमुद्रण यांचा खर्च त्यांनी केला. मुलींवर त्यांचा विश्वास होता यात संशय नाही. त्यांनी एकच गोष्ट केली नाही. तुम्हांला हे हवे आहे का, असे विचारले नाही. मुलांच्या डोळ्यांनी आपली अपुरी स्वप्ने पाहण्याचा मोह कोणत्या घरी नसतो? फ्रीमाँटच्या या पित्यावर दगड उचलण्यापूर्वी आपापल्या अंगणात डोकावलेले बरे.

हेलन २००६ साली निवर्तली. २०१३ साली डॉटने स्वतःच्या नावाने, नव्या साथीदारांसह एक ध्वनिमुद्रिका काढली. तेव्हा तिने साठी ओलांडली होती, आणि सरावाला बसविणारे वडील नव्हते. मुलींचे काही त्या संगीतात होते की नव्हते, या शंकेला याहून चांगले उत्तर आम्हांला सुचत नाही. वाचकांनी ‘फिलॉसफी ऑफ द वर्ल्ड’ अवश्य ऐकावी. पहिल्यांदा हसू आले तर येऊ द्यावे. मात्र दुसऱ्यांदा ऐकल्याखेरीज मत बनवू नये.