प्रवासी, वाटाड्या आणि मित्र : ‘द गाइड’मधील प्रेमकथेचे स्वरूप

सुट्टीतील प्रवासात जुळलेले प्रेम हा लोकप्रिय कादंबरीचा एक रूढ विषय आहे. घर, नोकरी आणि नाती यांच्या बंधनांतून काही दिवसांपुरता सुटलेला माणूस अनोळखी स्थळी येतो, प्रेमात पडतो आणि तेथील निसर्ग त्या प्रेमाची पार्श्वभूमी बनतो. अशा कथेचा दृष्टिकोण बहुधा प्रवाशाचा असतो. ज्यांच्या दृष्टीने तेच स्थळ रोजच्या उपजीविकेचे ठिकाण आहे, ते गाडीवान, खानसामे आणि वाटाडे कथेच्या कडेला उभे राहतात. म्हैसूरचे कादंबरीकार आर. के. नारायण (१९०६–२००१) यांनी ‘द गाइड’ (१९५८) या इंग्रजी कादंबरीत हा दृष्टिकोण उलटा केला. परिणामी तिच्यात प्रेमाच्या बरोबरीने मैत्रीचाही प्रश्न उभा राहतो.

हा विषय नारायण यांना बाहेरून सुचलेला नव्हता. म्हैसूर संस्थानच्या शासनासाठी त्यांनी ‘मैसूर’ (१९३९) हे प्रवासपर पुस्तक लिहिले होते. पुढे कर्नाटकावरील ‘दि एमराल्ड रूट’ (१९७७) हे पुस्तकही लिहिले. परक्याला आपला प्रदेश दाखवताना माहिती कुठे संपते आणि रंजन कुठे सुरू होते, याची जाण त्यांना लेखनव्यवहारातूनच असणार. मालगुडी हे गाव आणि मेंपी टेकड्या काल्पनिक आहेत. परंतु प्रवाशाच्या कुतूहलावर चालणारे लहान गावाचे अर्थकारण तेथे अत्यंत विश्वसनीय रूपात येते.

रेल्वे स्थानकावर दुकान चालवणारा राजू वाटाड्या होतो, तो कोणत्याही प्रश्नाला ‘ठाऊक नाही’ असे उत्तर देणे त्याच्या स्वभावात नसल्यामुळे. लेण्यांचा अभ्यासक मार्को आणि त्याची पत्नी रोझी मालगुडीत येतात. नवऱ्याला गुहांमधील चित्रे पाहायची असतात, तर पत्नीला नागाचे डोलणे. अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतलेली, देवळात नृत्य करणाऱ्या घराण्यात जन्मलेली ही स्त्री ज्या कलेसाठी तळमळते, तिला मार्को रस्त्यावरच्या कसरतीहून अधिक मानत नाही. राजू मात्र तिचे बोलणे ऐकून घेतो. हे ऐकणेच त्यांच्या जवळिकीचा पाया ठरते. पण तो वाटाड्याच्या व्यवसायाचाही भाग आहे : गिऱ्हाइकाला हवे ते ओळखणे. आस्था आणि धंदा यांतील सीमारेषा राजूला स्वतःलाही स्पष्ट दिसत नाही. नारायण ती आखून देत नाहीत, आणि कादंबरीचा नैतिक ताण याच संदिग्धतेतून निर्माण होतो.

या संदर्भात टॅक्सीचालक गफूरचे स्थान महत्त्वाचे आहे. राजू आणि प्रवासी यांना टेकडीवरच्या विश्रामगृहापर्यंत नेणारा गफूर हा राजूचा जुना सोबती. या प्रेमातला धोका तो वेळीच ओळखतो आणि बोलूनही दाखवतो. राजूला हा सल्ला नकोसा होतो. पुढे रोझी ‘नलिनी’ या नावाने नर्तकी म्हणून विख्यात होते, राजूभोवती प्रतिष्ठितांचा गोतावळा जमतो. त्या वैभवात गफूरला जागा उरत नाही. आईही घर सोडून भावाबरोबर गेलेली असते. प्रेमकथेचा खर्च असा स्थानिक नात्यांच्या खात्यावर पडतो.

मराठी वाचकाला येथे ना. सी. फडके यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. ‘प्रतिभासाधन’ (१९३१) या ग्रंथात त्यांनी कथेच्या तंत्राची मांडणी केली. गुंतागुंत आणि उत्कंठा यांना त्यांच्या विचारात मोठे स्थान आहे. नारायण मात्र तुरुंगातून सुटलेला राजू आरंभीच समोर ठेवतात. प्रेमाचे पुढे काय होणार, ही उत्कंठा त्यामुळे क्षीण होते आणि माणूस येथवर कसा आला, हा प्रश्न पुढे येतो.

विजय आनंद यांच्या ‘गाइड’ (१९६५) या हिंदी चित्रपटाशी तुलना केली असता हा फरक अधिक ठळक होतो. चित्रपटाने कथा राजस्थानात नेली. मार्कोला व्यभिचारी ठरवून नायिकेला दोषमुक्त केले. शेवटी आई, रोझी आणि गफूर यांना राजूजवळ आणले आणि पाऊसही पाडला. कादंबरीतला मार्को केवळ आपल्या अभ्यासात बुडालेला, थंड मनुष्य आहे. तेथे गफूर परतत नाही आणि पाऊस खरोखर आला की नाही, हेही अनिश्चित राहते. चित्रपट मैत्रीची भरपाई करतो, तर कादंबरी ती हानी तशीच ठेवते.

या रचनेची एक मर्यादाही नोंदवली पाहिजे. रोझीची कहाणी आपल्याला राजूच्याच तोंडून कळते. तिच्या मार्कोविषयीच्या निष्ठेचा उलगडा तो करू शकत नाही. त्यामुळे वाचकालाही तो होत नाही. तरी राजूच्या फसवणुकीनंतर ती स्वतःच्या कलेच्या बळावर उभी राहते, ही घटना निवेदकाच्या आकलनाबाहेरचे तिचे अस्तित्व सूचित करते.

राजू ही सर्व हकीकत वेलान या खेडुताला सांगतो, ती त्याचा गैरसमज दूर व्हावा म्हणून. वेलान ती शेवटपर्यंत ऐकतो, आणि तरीही त्याची श्रद्धा ढळत नाही. आयुष्यभर इतरांचे ऐकून त्यावर उपजीविका करणाऱ्या माणसाला अखेर काहीही न मागता ऐकणारा कोणी भेटतो. पण हा श्रोता त्याला मित्र न मानता स्वामी मानतो. गफूरशी जे बरोबरीचे नाते होते, ते त्याला पुन्हा लाभत नाही.