सिंधूचा जबाब

दिवाळी अंकासाठी शोकांतिकेवर लेख लिहितो आहे असे घरी सांगितले, तेव्हा "सणासुदीला दुसरा विषय नाही का मिळाला?" असा प्रश्न आमच्या मंडळींनी केला. प्रश्न रास्त आहे. पण नरकचतुर्दशीच्या पहाटे पायाखाली कारीट फोडून त्याचा कडू रस जिभेला लावल्यावाचून फराळाला बसावयाचे नाही, हाही आपल्याच घरचा रिवाज आहे. शिवाय ज्या अथेन्सच्या नाटकांविषयी मी लिहिणार, ती सणातच होत असत. वसंतात डायोनायससचा उत्सव भरे, नाटककारांच्या स्पर्धा लागत आणि सारे शहर लोटे. हा देव मद्याचा. मद्याच्या देवापुढे शोकांतिका करणारे ग्रीक आणि मद्यावरच शोकांतिका रचणारे आमचे गडकरी यांची कधीतरी गाठ पडावयाचीच होती.

ती पडली डोंबिवलीत, आमच्या इमारतीच्या गच्चीवर, गेल्या वर्षीच्या कोजागिरीला. दूध आटत होते. मुलांच्या भेंड्या संपल्या होत्या. मी सॉफोक्लीजच्या 'अँटिगनी'ची गोष्ट सांगावयास बसलो. ख्रिस्तापूर्वी 441च्या सुमाराचे हे नाटक. गोष्ट चार वाक्यांत सांगण्याजोगी आहे. थीब्जच्या राज्यासाठी दोन सख्खे भाऊ लढले आणि एकमेकांच्या हातून मेले. नवा राजा क्रेऑन, म्हणजे त्यांचा मामा, याने हुकूम काढला की शहराच्या बाजूने लढलेल्याला सन्मानाने मूठमाती द्यावी आणि शहरावर चालून आलेला पॉलिनायसीस कुत्र्यागिधाडांसाठी उघड्यावर पडू द्यावा. त्याला माती देईल त्याला देहान्त. बहिणीने, अँटिगनीने, हुकूम मोडला. माती दिली, पकडली गेली, आणि 'होय, मीच' म्हणाली. तिला जिवंत गुहेत कोंडले. तिथे तिने गळफास घेतला. तिच्यामागे तिचा नियोजित पती, राजाचाच मुलगा हीमन, गेला. मुलामागे राणी गेली. राजा तेवढा उरला.

मामाभाची म्हटल्यावर गच्चीवरच्या मंडळींना गोष्ट घरची वाटू लागली. मग मी त्या जागेपाशी आलो, जिथे भले भले अडखळले आहेत. गुहेकडे जाताना अँटिगनी म्हणते की हे साहस मी नवऱ्यासाठी केले नसते, पोटच्या मुलासाठीही केले नसते. नवरा गेला तर दुसरा मिळेल, मूलही पुन्हा होईल. पण आईबाप मृत्यूच्या घरी गेल्यावर भाऊ कोठून आणावयाचा? हा हिशेब ऐकून जर्मनीतला महाकवी गटे इतका अस्वस्थ झाला की, हा भाग प्रक्षिप्त आहे असे एखाद्या पंडिताने सिद्ध करून दाखवावे, अशी इच्छा त्याने बोलून दाखवली. तसे निर्विवाद कोणाला करता आलेले नाही; अ‍ॅरिस्टॉटलच्या वेळी तो भाग नाटकात होता. आपल्याला मात्र इतके दचकण्याचे कारण नाही. लक्ष्मण शक्ती लागून पडला तेव्हा वाल्मीकीच्या रामानेही बायका देशोदेशी मिळतात, सोयरे मिळतात, सख्खा भाऊ मिळत नाही, असाच विलाप केला आहे. शिवाय भाऊबीज पाळणाऱ्यांना हे काय समजावून सांगावयाचे! त्या दिवशी बहिणीच्या घरी जेवावयास जातो तो यम. धर्मराज तोच आणि मृतांचा राजाही तोच. अँटिगनी ज्या देवांच्या नावाने राजाचा हुकूम मोडते ते याच खात्याचे.

पण समोरच्या बिऱ्हाडातल्या वहिनी एकदम म्हणाल्या, "अहो भाऊजी, नवऱ्यासाठी नाही, मुलासाठी नाही आणि भावासाठी मरायचं? आमच्या सिंधूनं नेमकं उलटं केलं की!"

मी गप्प झालो. इतकी वर्षे ही दोन्ही नाटके मी वाचतो आहे, पण त्यांना समोरासमोर बसविण्याचे मला सुचले नव्हते.

सिंधू म्हणजे 'एकच प्याला'तली. राम गणेश गडकरी 23 जानेवारी 1919 रोजी सावनेरला वारले आणि महिनाभराच्या आत, 20 फेब्रुवारीला, गंधर्व नाटक मंडळीने बडोद्याला हे नाटक रंगभूमीवर आणले. लेखकाने आपले सर्वांत गाजलेले नाटक पाहिलेच नाही. बालगंधर्वांची सिंधू आणि गणपतराव बोडसांचा सुधाकर यांच्या आठवणी आमच्या आजोबांच्या पिढीने जपल्या. सिंधू एका पुरुषाने लिहिली आणि एका पुरुषाने उभी केली. अथेन्समध्ये अँटिगनीचेही तसेच, मुखवट्याआड पुरुषच असे. दोन्ही बायकांच्या तोंडून आपण ऐकतो ते पुरुषांना बायकांच्या कर्तव्याविषयी काय वाटत होते ते, एवढे भान ठेवून पुढे गेले पाहिजे.

वहिनींचा हिशेब बिनचूक आहे. सिंधूला श्रीमंत बाप आहे, जीव टाकणारा भाऊ पद्माकर आहे, मांडीवर तान्हे आहे. भाऊ न्यावयास येतो, ती जात नाही. माहेरचा पैसा घेत नाही. लोकांची दळणे दळते. शेवटी दारूच्या भरात नवऱ्याच्या हातून मूल मरते, ती स्वतःही मरणाला टेकते, आणि तशा अवस्थेत दाराशी आलेल्या फौजदाराला ती सांगते की यात माझ्या नवऱ्याचा काही अपराध नाही. भाऊ, मूल आणि खरे, तिन्ही तिने एका नवऱ्यावरून ओवाळून टाकले.

आमच्यात कल्याणच्या कोर्टातून निवृत्त झालेले एक शिरस्तेदार आहेत. पेल्यातले दूध फुंकत ते म्हणाले, "वहिनी, कायद्याच्या दृष्टीनं ही फार चमत्कारिक गोष्ट आहे." आणि त्यांनी जे सांगितले ते कोणत्याही समीक्षाग्रंथात मी वाचलेले नाही. मरणाऱ्याने आपल्या मृत्यूच्या कारणाविषयी दिलेला जबाब कायदा पुरावा म्हणून मानतो. 1872च्या पुराव्याच्या कायद्यात हे 32व्या कलमात होते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते 26व्या कलमात आहे. शपथ नाही, उलटतपासणी नाही, तरी विश्वास ठेवावयाचा. कारण मरताना माणूस खोटे बोलत नाही अशी समजूत. सिंधू बरोबर त्याच क्षणी खोटे बोलते. कायद्याने माणसाच्या सचोटीवर जिथे सर्वांत जास्त भिस्त ठेवली, ती जागा तिने नवऱ्याला लपविण्यासाठी वापरली.

अँटिगनी कायदा मोडते ती दिवसाढवळ्या, आणि कबूल करते. बहीण इस्मिनी म्हणते, निदान गुपचूप कर. त्यावर ही म्हणते, ओरडून सांग सगळ्यांना. सिंधू कायदा फसविते, मान खाली घालून, अगदी हळू आवाजात. मोडणाऱ्याने कायद्याला निदान तोंडावर नाकारलेले असते, म्हणून राजाला उत्तर द्यावे लागते आणि नाटक पेटते. सिंधूने फौजदाराला उत्तर देण्यासारखे काही ठेवलेच नाही. आम्ही रडतो आणि पदर, रुमाल सावरीत घरी येतो. या रडण्याला मी नावे ठेवीत नाही. मीही रडलो आहे. पण रडून झाल्यावर मनात जी रुखरुख राहते, ती त्या तान्ह्याची असते. त्याच्या बाजूने नाटकात कोणी बोलत नाही.

आता सुधाकराकडे वळू. 'एकच प्याला' हे दारूबंदीचे नाटक, असे आम्हांला शाळेपासून सांगितले गेले. पण पहिला प्याला सुधाकराच्या हातात का येतो? अनाथपणातून, गरिबीतून स्वतःच्या बुद्धीवर वर आलेला हा वकील. कोर्टात नव्या मुन्सफाशी शब्दाला शब्द लागतो, अपमान होतो, आणि सहा महिन्यांसाठी सनद रद्द होते. घायाळ होतो तो ताठा. प्याला हा त्यावर तळीरामाने सुचविलेला लेप. पुढे तो दारू सोडतोही, कामासाठी प्रतिष्ठितांच्या पायऱ्या चढतो, तिथे पुन्हा अपमान होतो, पुन्हा प्याला येतो. जखम प्रत्येक वेळी त्याच जागी होते.

ग्रीकांचा 'ह्यूब्रिस' हा शब्द आपण गर्व असा उलथवून मोकळे होतो. अथेन्समध्ये तो एक फिर्याद लावण्याजोगा गुन्हा होता. दुसऱ्याला खाली पाडून, त्याची अप्रतिष्ठा करून त्यात सुख मानणे, असा त्याचा अर्थ. मराठीत अभिमान, स्वाभिमान, ताठा अशा पायऱ्या उतरत गेले की तळाशी 'माज' लागतो, ह्यूब्रिस तिथला. क्रेऑन आरंभी माजोरी नाही. यादवीतून नुकत्याच सुटलेल्या शहराला शिस्त हवी, हे त्याचे म्हणणे खोटे नाही. हेगेलने तर दोन्ही बाजूंना न्याय आहे असेच म्हटले. पण मुलगा समजावू लागला, की एवढ्याशा पोराने मला शिकवावे? बाईने मला वाकवावे? इथे त्याची पायरी घसरते. सुधाकरही आधी माज सोसणारा आहे, मग तोच माज घरी आणून बायकोवर रिकामा करणारा. मुन्सफावर चालला नाही तो हात कोठे चालला, हे गडकऱ्यांनी फार निर्दयपणे दाखविले आहे. त्याबद्दल त्यांच्यापुढे हात जोडावेत.

पण एका ठिकाणी सॉफोक्लीज गडकऱ्यांच्या पुढे निघून जातो. क्रेऑनला चूक कळते. वृद्ध सल्ला देतात, आधी त्या मुलीला सोडव, मग प्रेताला माती दे. तो आधी प्रेताकडे जातो. विधी यथासांग करतो आणि गुहेशी पोचतो तेव्हा उशीर झालेला असतो. पश्चात्तापातही या माणसाला नियमाचे प्रकरण आधी मिटवावेसे वाटले! आणि शेवटी त्याला मरण मागूनही मिळत नाही. त्याला जगावे लागते. सुधाकराला गडकऱ्यांनी विष देऊन सोडविले. तो उरला असता, सिंधूच्या त्या खोट्या जबाबावर निर्दोष ठरून कल्याण किंवा ठाण्यासारख्या एखाद्या गावी जगत राहिला असता, तर? मला वाटते, तो सहावा अंक कोणाला पाहवला नसता.

गडकऱ्यांच्या बाजूने कोणी म्हणेल, 1919 साली सिंधूला दुसरा मार्ग कोणता होता? कायद्याकडे पाहिले तर हे खरे आहे. हिंदू पत्नीला वेगळे राहून पोटगी मागण्याचा हक्क कायद्याने आखून मिळाला तो 1946 साली. मुंबई प्रांतात घटस्फोटाचा कायदा 1947 साली आला, साऱ्या देशासाठी हिंदू विवाह कायदा 1955 साली. आणि घरातल्या मारहाणीपासून संरक्षणाचा कायदा 2005 साली. सिंधूच्या वेळी कायदा नाटकात दोनदाच येतो: एकदा नवऱ्याची सनद काढून घ्यावयास आणि एकदा पंचनाम्याला. मधल्या काळात, जेव्हा तो हवा होता, तेव्हा त्याचा पत्ता नाही.

तरीही मन ऐकत नाही, आणि त्याचे कारण रखमाबाई. अकराव्या वर्षी लग्न झालेली ही मुलगी मोठी झाल्यावर नवऱ्याकडे नांदावयास गेली नाही. दादाजी भिकाजीने मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. 1885 साली न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला. अपिलात निकाल फिरला. आणि मार्च 1887 मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की नांदावयास जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईने तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. 1888 साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, ती विलायतेस जाऊन डॉक्टर झाली, पुढे सुरत आणि राजकोट येथे रुग्णसेवा केली आणि 1955 साली वारली. अंगावर घेऊन, उघडपणे, शिक्षेची तयारी ठेवून हुकूम नाकारणारी बाई आमच्याच मुंबईत, ठाण्याहून आगगाडीने तासाभराच्या अंतरावर उभी होती. आणि तीस वर्षांनी मराठी रंगभूमीने आदर्श म्हणून डोक्यावर घेतली ती सिंधू. रखमाबाईवर शोकांतिका झाली नसती हे कबूल, कारण ती मेली नाही. पण तिच्या बाण्याची एक ठिणगी सिंधूत पडली असती, एकदा, एखाद्याच प्रवेशात तिने सुधाकरावर डोळे वटारले असते, तर ते मूल वाचले असते की नाही सांगता येत नाही. नाटक मात्र आणखी उंच गेले असते. ती ठिणगी गडकऱ्यांनी फटकळ गीतेच्या तोंडी घातली, म्हणजे विनोदाच्या खात्यात टाकली. प्रेक्षक गीतेला टाळ्या देतात आणि सिंधूला अश्रू, आणि दोहोंचा हिशेब कधी एकत्र मांडत नाहीत.

ठाण्याच्या मासुंदा तलावाकाठी 1978 पासून गडकऱ्यांच्या नावाचे रंगायतन उभे आहे. तिथे मी किती नाटके पाहिली त्याची गणती नाही. मध्यंतरात तलावाकडून वारा येतो आणि वड्याचा वासही. माझी एक वेडी इच्छा आहे. लागोपाठ दोन रात्री तिथे पहिल्या दिवशी 'अँटिगनी' आणि दुसऱ्या दिवशी 'एकच प्याला' व्हावे, त्याच नटीने दोन्ही करावीत. भगीरथ आणि शरदचे उपकथानक थोडे छाटावे लागेल; आर्यमदिरामंडळाला कात्री लावू नये, ते हसू हवेच. एका रात्री भावासाठी कायदा मोडणारी आणि दुसऱ्या रात्री नवऱ्यासाठी कायदा फसविणारी एकाच चेहऱ्याने समोर आली, म्हणजे शेवटच्या लोकलने परतताना बायकामाणसे काय बोलतील, ते मला ऐकावयाचे आहे.

त्या कोजागिरीला मात्र बोलणे लांबले. चंद्र पाण्याच्या टाकीवर आला होता. वहिनींनी शिरस्तेदारांना विचारले, "काका, तुम्ही असतात तर सिंधूचा जबाब कसा लिहून घेतला असता?"

"ती सांगेल तसा. एक अक्षर इकडेतिकडे नाही," ते म्हणाले. मग पेला खाली ठेवीत, जरा थांबून, "पोराचा पंचनामा मात्र मी वेगळा करायला लावला असता."