नगरद्वार आणि देवद्वार : तुळजापूरच्या महाद्वाराचा विचार

अमरकोशात ‘गोपुर’ हा शब्द नगरद्वार या अर्थाने येतो. दक्षिणेकडील मंदिरवास्तूत पुढे तोच शब्द देवालयाच्या उत्तुंग प्रवेशद्वारास लागला. शब्दाच्या या प्रवासात एक वास्तुविचार सामावलेला आहे. जे गाव देवतेच्या आश्रयाने नांदते, तेथे नगराचे दार आणि देवाचे दार यांतील भेद पुसट होऊ लागतो. धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूर हे याचे बोलके उदाहरण होय. तुळजाभवानीच्या मंदिराच्या वर्णनांत महाद्वार बहुधा वाटेवरची एक खूण म्हणून येते. ते वास्तूचा स्वतंत्र घटक म्हणून तपासून पाहावे, एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

तुलनेसाठी दोन दरवाजे घेऊ. पहिला तुळजापूर तालुक्यातीलच, नळदुर्ग किल्ल्याचा हुलमुख दरवाजा. त्याच्या नावातील ‘हूल’ सार्थ वाटावी, अशीच दुर्गद्वाराची रीत असते : बुरुजांच्या आड दडावे, वाटेस वळण द्यावे आणि येणाऱ्याचा वेग मोडावा. अडविणे हे त्याचे प्रयोजन. दुसरा भडकल दरवाजा. मोगलांवरील विजयाच्या स्मरणार्थ मलिक अंबरने तो १६१२ मध्ये खडकी येथे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, उभारला. औरंगजेबाने त्या शहरास तट घातला तो १६८२ च्या सुमारास. तटाच्या सुमारे सत्तर वर्षे आधी उभे राहिलेले हे दार कोणास अडविण्यासाठी नव्हते. ते मिरविण्यासाठी होते.

तुळजापूरचे महाद्वार या दोहोंहून निराळे आहे. बालाघाटाच्या डोंगरावर वसलेल्या या गावात मंदिर मात्र उतारावर, खोलगट जागी आहे. बाजारपेठेच्या रस्त्यावरून यात्रेकरू राजे शहाजी महाद्वारातून आत येतो, तो पायऱ्या उतरू लागतो. वाटेत गोमुख आणि कल्लोळ ही तीर्थे लागतात; त्यानंतर सरदार निंबाळकर दरवाजा, मग प्रांगण, होमकुंड आणि मंदिर. गोपुर माणसास मान वर करावयास लावते. येथे दार ओलांडताच पाऊल खाली पडते आणि नजर आपसूक पायरीकडे वळते. नम्रता शिकविण्याचे जे कार्य इतरत्र उंचीने साधले, ते येथे उतरणीने साधले आहे. म्हणून या महाद्वाराचे मोजमाप त्याच्या कमानीपुरते करणे पुरेसे नाही. त्याच्यामागील सगळी उतरण त्याच्या रचनेचाच भाग मानावयास हवी.

द्वारांची नावेही विचार करण्याजोगी आहेत. राजे शहाजी, राजमाता जिजाऊ, सरदार निंबाळकर ही सर्व भक्तांची नावे आहेत. भोसले घराण्याची ही कुलदेवता; तिच्यापाशी जाताना यात्रेकरू प्रथम तिच्या उपासकांच्या नावांखालून जातो. भडकल दरवाजा जेत्याचे स्मरण करून देतो. येथे राजकुलाचे नाव उंबरठ्याशी उभे आहे आणि त्याने आतली जागा देवीसाठी सोडली आहे.

मात्र हे नगराचे दार कसे, असा प्रश्न कोणी करील. त्याचे उत्तर उत्सवात मिळते. तुळजाभवानीची मूर्ती चल आहे. विजयादशमीच्या सीमोल्लंघनासाठी ती गाभाऱ्याबाहेर येते. अहिल्यानगर जिल्ह्यातील बुऱ्हाणनगरहून आलेल्या पालखीतून तिची मंदिराभोवती प्रदक्षिणा होते आणि त्यानंतर देवीची श्रमनिद्रा सुरू होते. सीमोल्लंघन म्हणजे गावाची वेस ओलांडणे. येथे ते मंदिराच्या प्रांगणातच घडते. याचा अर्थ असा लावता येईल की, विधीच्या दृष्टीने देवीचे नगर महाद्वाराच्या आतच आहे. बाहेरचे गाव हा त्या नगराचा परिसर ठरतो. ‘गोपुर’ शब्दाचे दोन्ही अर्थ येथे पुन्हा एकत्र येतात.

रचनाकौशल्याच्या कसोटीवर हे महाद्वार भडकल दरवाज्याच्या पंक्तीस बसणार नाही, हे मान्य करावयास हवे. हेमाडपंती मंदिराशी त्याचा मेळ पूर्णपणे जमतो असेही नाही. परंतु द्वाराची खरी कसोटी त्याच्या अलंकरणात नाही. त्यातून गेलेल्या माणसाच्या चालीत काय बदल घडला, हे पाहावयास हवे. या कसोटीवर गावोगावी रस्त्यांवर उभ्या राहणाऱ्या सिमेंटच्या स्वागतकमानी टिकत नाहीत. त्यांस तट नाही, उंबरठा नाही. वाहन वेग न बदलता त्यांच्याखालून निघून जाते. ते दाराचे चित्र आहे, दार नव्हे.

हा प्रश्न केवळ विवेचनाचा राहिलेला नाही. ६ मे २०२५ रोजी चौंडी येथे झालेल्या राज्य मंत्रिमंडळाच्या बैठकीत तुळजाभवानी मंदिराच्या १,८६५ कोटी रुपयांच्या विकास आराखड्यास मान्यता देण्यात आली. यात्रेकरूंची गर्दी पाहता सोयी हव्यात, याविषयी दुमत नाही. वृद्धांस व अपंगांस ही उतरण कष्टाची आहे. त्यांच्यासाठी निराळी वाट केलीच पाहिजे. परंतु ज्यास पायऱ्या उतरणे शक्य आहे, त्याच्यासाठी महाद्वार, तीर्थे, आतला दरवाजा आणि प्रांगण हा क्रम अखंड राहावयास हवा. दगड जागच्या जागी राहूनही क्रम मोडू शकतो. मग उभी राहते ती केवळ कमान. दार टिकवावयाचे असेल, तर त्याच्यामागची वाटही टिकविली पाहिजे.