लावणीतली सवत, जात्यावरची सवत

लावणी म्हटलं की लोकांना शृंगार आठवतो. मला विरहाची लावणी आठवते. धनी मोहिमेवर गेलेला, नाहीतर सवतीच्या घरी रमलेला. इकडं ही एकटी. रात्र सरत नाही, विडा सुकला, दिव्यातलं तेल संपलं. मग ती सवतीला बोल लावते आणि त्याच दमात धन्याला परत ये म्हणून विनवते. तमाशात अशी लावणी लागली की ढोलकी मऊ होते, झीलकरी आवाज लांबवतो, आणि मघाशी शिट्ट्या मारणारी माणसं गप बसतात.

या लावण्या रचणारे सोलापूरचा राम जोशी, जेजुरीचा सगनभाऊ, होनाजी बाळा, परशराम हे सगळे पेशवाईच्या शेवटच्या काळातले शाहीर. त्यांच्या लावणीतला विरह मला खरा वाटतो. त्या काळी दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघालेला शिपाई पावसाळ्याच्या तोंडाला घरी यायचा, आला तर. मागं राहिलेल्या बाया गावोगाव होत्या. शाहिरांना वाट बघणं कुठून उसनं आणावं लागलं नाही.

मत्सराचं मात्र तसं नाही. रचणारा बाप्या, गाणारा बाप्या, लुगडं नेसून नाचणारा नाच्यासुद्धा पोरगाच, आणि समोर फेटेवाले बसलेले. बाईच्या मत्सराचं गाणं, आणि त्यात बाई कुठंच नाही! म्हणून बघा, सगळा दोष सवतीवर. तिनं भुरळ घातली, तिनं करणी केली. धन्याला कुणी विचारत नाही, की बाबा, तू आपल्या पायानं गेलास का नाही? दोघीजणी एकासाठी झुरतात, आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाला वाटतं, तो एक म्हणजे आपणच. शाहीर कितीही मोठा असला तरी इथं तो गिऱ्हाइकाला खूश करतो, असं माझं मत आहे.

हे मी बोलतो, कारण सवतीचं दुसरं गाणं मी लहानपणी ऐकलंय. आमच्या आजीला सवत होती. मुंबई प्रांतात 1946 साली दुसऱ्या बायकोवर कायद्यानं बंदी आली, त्याच्या आधीची ही गोष्ट. गावात पिठाची गिरणी नव्हती. पहाटे दोघी एकाच जात्याला समोरासमोर बसायच्या, खुंट्याला दोघींचे हात. आदल्या दिवशी कितीही वाजलेलं असो, जातं एका लयीतच फिरवावं लागायचं. आजीच्या ओवीत सवत यायची, पण विडा आणि शेज नसायची. कणगीला हात कुणाचा, नवं लुगडं कुणाला, लेकराच्या वाटीत दूध किती, हा तिचा मत्सर. आणि धन्याचं माप ती जात्याला देव मानून त्याच्यापाशी काढायची. घरात तोंड उघडायची सोय नव्हती, ओवीत होती. सवत समोर बसून ऐकायची आणि पुढची ओळ उचलायची.

हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. लावणीची पुस्तकं चाळणाऱ्यानं त्याही वाचाव्यात. एकाच दुखण्याच्या या दोन जबान्या आहेत.

मग लावणी टाकून द्यायची का? नाही. पुढं बाया स्वतः लावणी गायला लागल्या, तेव्हा तिच्यात जीव आला. बैठकीच्या लावणीत यमुनाबाई वाईकरांसारखी कलावंतीण बसल्या जागेवर एकच ओळ फिरून फिरून घ्यायची, आणि दर वेळी तिची अदा वेगळी. शब्द बाप्याचे, पण अर्थ गाणारीच्या हातात. ओळ सवतीला शिव्या घालणारी असली तरी नजर समोरच्या मालकाकडं वळवता येते. मग ज्याला गुदगुल्या व्हायच्या, त्याला टोचतं.

आता स्टेजवर लावणी पळते. लाइट, ढोलकीचा कडकडाट, वन्स मोअर. त्या वेगात शृंगार भागतो. वाट बघणं भागत नाही, त्याला वेळ लागतो. म्हणून कुठं संथ लयीतली विरहाची लावणी लागली तर उठू नका. सवतीचं गाऱ्हाणं ऐकून हसू येईल, येऊ द्या. पण धन्याचं नाव येतं तिथं गाणारीचा आवाज नीट ऐका. रडते का जाब विचारते, ते तिथंच कळतं.