पेटीचे दात

आमच्या मुरबाडात घरातल्या वस्तूंच्या दोनच जाती असत. एक वापरातली आणि दुसरी अडगळीतली. वापरातली वस्तू मोडली की ती माळ्यावर जायची आणि माळ्यावरची वस्तू फारच मोडली की ती बंबात जायची. सगळा कारभार सरळ होता. मधल्या काळात शहरात एक तिसरी जात निघाली. तिला 'अँटिक' म्हणतात. जी अडगळ आपण भंगारवाल्याला फुकट दिली आणि दुसऱ्याच्या दिवाणखान्यात जिची किंमत ऐकून आपण मटकन खाली बसलो, ती अँटिक.

हे ज्ञान मला माझ्या भाचीमुळे झालं. तिनं ठाण्याला अकराव्या मजल्यावर घर घेतलं आणि एके दिवशी तिचा फोन आला.

"मामा, घरात स्टोरेज करायचंय. पण जुनं हवं. व्हिंटेज."

"स्टोरेज म्हणजे?"

"अरे, सामान ठेवायला काहीतरी."

"मग कपाट म्हण की!"

"कपाट नको. कपाट सगळ्यांकडेच असतं."

या शेवटच्या वाक्यात त्या धंद्याचं सगळं शास्त्र आलं. आमच्या लहानपणी एखादी वस्तू शेजाऱ्याकडे आहे म्हणून आपल्याकडे हवी असायची. आता ती शेजाऱ्याकडे नाही म्हणून हवी असते. शेजारी मात्र दोन्ही काळात लागतोच.

सल्लागार म्हणून माझी नेमणूक झाली, त्याला कारण एकच. लहानपणी मी वडिलांबरोबर दर पौष पौर्णिमेला म्हशाच्या जत्रेत बैलबाजाराला जात असे. बैल आणि पेटारा यांचा संबंध काय, असं जावईबापूंनी विचारलं. आहे. दोघांचेही आधी दात बघायचे असतात. चांगल्या जुन्या पेटीच्या कोपऱ्यावर एका फळीचे दात दुसऱ्या फळीच्या खाचेत बसवलेले दिसतात. हाताने कापलेले दात एकसारखे नसतात, उन्नीस-बीस असतात. सगळे दात फोटोला बसल्यासारखे एका मापाचे दिसले, की समजावं मशीनची कवळी आहे.

आम्ही तिघे आधी ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात गेलो, मग चोरबाजारात. ओशिवऱ्याला एका दुकानदारानं आम्हाला नक्षीची एक पेटी दाखवली. "दोनशे साल पुरानी, पेशवा के जमाने की." भाचीचे डोळे चमकले. जावईबापूंनी पाकिटाला हात घातला. मी चष्मा पुसून बिजागरीजवळ वाकलो. बिजागरी ज्या स्क्रूंनी बसवली होती त्यांच्या डोक्यावर अधिकाचं चिन्ह होतं. असल्या स्क्रूचा प्रसार अमेरिकेत १९३० च्या दशकात झाला. पेशवाई बुडाली १८१८ साली. म्हणजे शंभर वर्षांनंतरचा स्क्रू आधीच मागवून ठेवण्याइतके पेशवे दूरदृष्टीचे असते, तर बुडाले कशाला असते? मी हे दुकानदाराला सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "स्क्रू बाद में लगाया." मग मी झाकण उचललं. आतली फळी प्लायवूडची होती. "वो भी बाद में?" असं विचारल्यावर त्यानं चहा मागवला.

तेव्हा वाचकहो, पेटी समोरून बघू नये. समोरचा भाग गिऱ्हाइकासाठी असतो. ती पाठीमागून आणि खालून बघावी. जुना सुतार न दिसणाऱ्या फळीवर रंधा जपून खर्च करी, त्यामुळे तळाला हात लावला की खरखर लागायला हवी. नवी 'जुनी' पेटी तळालाही तेवढीच काळी असते, कारण काळा रंग एकाच डब्यातला असतो. खिळे चौकोनी, हाताने ठोकलेले आहेत का बघावं. खण असला तर तो पूर्ण बाहेर काढावा आणि त्याच्या खालच्या कडा बघाव्यात. पन्नास वर्षं ओढलेला खण आपल्या बाजूला झिजतोच. भोकं दिसली तर त्याखाली ताजा भुसा सांडलाय का ते बघावं. सांडला असेल तर पेटीबरोबर भाडेकरूही घरी येतात. आणि शेवटी नाक आत घालावं. जुन्या लाकडाला वास असतो. पॉलिशचा वास आला तर पेटी जुनी असो वा नसो, विकणारा मुरलेला आहे एवढं नक्की.

जुनं म्हणजे किती जुनं, यालाही सरकारी उत्तर आहे. १९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्यात साधारणपणे शंभर वर्षांची मर्यादा धरली आहे. हे कळल्यावर मी आमच्या तालुक्याच्या आसपास नजर फिरवली आणि थक्क झालो. गोदरेजनं लोखंडी कपाटं करायला सुरुवात केली १९२३ साली. म्हणजे ज्याला भाची 'सगळ्यांकडेच असतं' म्हणाली, त्या कपाटाच्या घराण्यानंच शंभरी ओलांडली! शेजारच्या शहापूर तालुक्यात तानसा धरण आहे, ते १८९२ चं. मुंबईचं हे खरं अँटिक स्टोरेज. पाणी शहापुरात साठवायचं, नळ मुंबईत उघडायचा आणि उन्हाळ्यात शहापूरच्या वाड्यापाड्यांतल्या बायांनी टँकरची वाट बघायची. आणि सगळ्यांत जुनी साठवण आमच्या नाणेघाटात. मुरबाडहून वैशाखऱ्याच्या पुढे घाट चढून गेलं की माथ्यावर दगडाचा भलामोठा रांजण आहे. सातवाहनांच्या काळात त्यात जकातीची नाणी टाकत, असं आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. दोन हजार वर्षांत त्याला कुणी पॉलिश केलं नाही, ही त्या रांजणाची पुण्याई.

माझी खरी तक्रार फसवणुकीबद्दल नाही. फसवणारा आणि फसणारा हे जुनं जोडपं आहे. त्यांच्या संसारात आपण पडू नये. माझी तक्रार अशी, की ही मंडळी वस्तू आणतात आणि तिचं काम काढून घेतात. बाजारात फिरताना आम्ही पाळणा पाहिला, त्यात पुस्तकं होती. जातं पाहिलं, त्यावर काच ठेवून टेबल केलं होतं. देव्हारा पाहिला, त्यात काय ठेवायची सोय होती ते मी सांगत नाही. देव मात्र बसून ठेवता आले नसते, आडवेच झाले असते. पुण्याच्या केळकर संग्रहालयातही दिवे आहेत, अडकित्ते आहेत, दरवाजे आहेत. दिनकर केळकरांनी ते गावोगाव हिंडून जन्मभर गोळा केले आणि १९७५ साली सगळं सरकारला देऊन टाकलं. पण तिथे अडकित्त्याला अडकित्ताच म्हणतात. त्याचा कुणी की-होल्डर केलेला नाही.

"म्हणून सांगतो," मी परतताना गाडीत भाचीला म्हणालो, "आधी काय ठेवायचंय ते ठरव. मग पेटी बघ. आपल्याकडे भाताला कणगी, दह्याला शिंकं, कागदांना पेटी, असं होतं. ठेवायचं काय हे ठाऊक नसताना पेटी घेणं म्हणजे नवरी न बघता मांडव घालणं."

"ठेवायला चादरी आहेत," ती म्हणाली. मग एकदम थांबून म्हणाली, "मामा, पणजीची पेटी तुझ्याकडेच आहे ना रे?"

होती. बाजारभर दुसऱ्याच्या पेट्यांचे दात मोजत फिरणाऱ्या मला आपल्या ओटीवरची पेटी आठवली नव्हती. माझ्या आजीची सागाची पेटी. चार हात लांब, लोखंडी पट्ट्यांची, कडीला हातभर कुलूप. मी तिच्यावर रोज पेपर वाचतो.

पुढच्या रविवारी भाची आणि जावई आले. जावईबापूंनी टेपनं मोजून पेटी लिफ्टमध्ये मावणार नाही असं जाहीर केलं. भाचीनं ती मोठी दिसते म्हणजे चांगलीच आहे असा निकाल दिला. सुताराला बोलावलं. त्यानं झाकण उघडलं आणि म्हणाला, "हे खरवडायला लागेल."

झाकणाच्या आतल्या बाजूला चुन्याच्या रेघा आहेत. चार-चारचे जुडगे. काही रेघांवर आडवी रेघ मारलेली, काही तशाच उभ्या. आजीला लिहिता येत नव्हतं. तिचा हिशेब तो. या रेघांची गोष्ट आमच्या घरात फार आवडीनं सांगतात. पावसाळ्यात वाड्यांवरच्या ठाकरांच्या घरात दाणा नसे, तेव्हा आजी या पेटीतून भात काढून देत असे. 'आजीनं चार वाड्या जगवल्या,' हे वाक्य आमच्या घराण्यात लग्नपत्रिकेवर छापायचंच काय ते राहिलंय. मी ती गोष्ट भाचीला आणि जावयाला पुन्हा सांगितली. आवाज थोडा कापराही केला. जावईबापूंनी फोटो काढला.

त्या वेळी पायरीवर एक म्हातारा ठाकर बसला होता. गवताचे पैसे घ्यायला आला होता. ओळखीचा माणूस, वयानं माझ्यापेक्षा थोडा मोठा. तो उठून आत आला आणि झाकणाकडे बघत राहिला.

"हीच ती पेटी," तो म्हणाला. "आमच्या बापानं हिच्यातलं भात नेलं व्हतं. खावटी. मी व्हतो संगं, टोपलं धरायला."

"बघा!" मी जावयाला म्हणालो.

"मण नेलं," म्हातारा म्हणाला, "आणि कापणीला दीड मण घातलं."

ओटीवर कुणी काही बोललं नाही. सुतारानं उगीचच पटाशीची धार बघितली. हा दिढीचा व्यवहार मला ठाऊक नव्हता असं नाही. मुरबाड-शहापुरात खावटीची दिढी कुणाला ठाऊक नाही? पण ती दुसऱ्यांच्या आज्या घेत, अशी माझी समजूत होती.

माझा चेहरा बघून म्हाताऱ्यालाच कसंसं झालं असावं. "पर दिलं, ह्ये बी खरं," तो म्हणाला. "एकानं दारातूनच फिरवलं व्हतं आमाला." मग त्यानं पुढे होऊन बोट त्या रेघांच्या जवळ नेलं, टेकवलं नाही. "ह्यातली आमची कोणती असंल, भाऊ?"

मी चष्मा पुसला. ओशिवऱ्याला पुसला होता तसाच. लाकूड बघितलं, रेघा बघितल्या. पेशव्यांच्या पेटीतला स्क्रू ओळखणाऱ्या माणसाला ती एक रेघ काही सांगता आली नाही. आडवी मारलेली असेल एवढं मात्र मी म्हणालो, कारण त्याचा बाप बाकी ठेवणाऱ्यांतला नव्हता. "नव्हताच," म्हातारा म्हणाला, आणि पैसे मोजून घेऊन गेला.

सुतारानं विचारलं, "मग खरवडू ना?"

"बाहेरून काय करायचं ते कर," मी म्हणालो. "झाकणाला आतून हात लावायचा नाही."

"पण मामा, चादरींना चुना लागेल," भाची म्हणाली.

"लागू दे. नाहीतर पेटी इथेच राहील."

तिनं थोडा विचार केला आणि माझी अट मान्य केली. तिला तो चुना कळला की नुसती पेटी आवडली होती, हे मी विचारलं नाही. पेटी लिफ्टमध्ये मावली नाही. चार हमालांनी ती अकरा मजले चढवली आणि जे पैसे घेतले त्यात ओशिवऱ्याची एक पेशवेकालीन पेटी सहज आली असती. माझ्या ओटीवर आता प्लॅस्टिकची खुर्ची आहे. तिचे दात बघायला तिला दात नाहीत.

दिवाळीला ठाण्याला गेलो होतो. भाचीच्या मैत्रिणी आल्या होत्या. भाचीनं चादर काढायला झाकण उघडलं तेव्हा एकीनं विचारलं, "हे पांढरं काय गं?" मी कान टवकारले. चार वाड्या जगवल्याची गोष्ट येणार म्हणून मी मान खाली घातली. भाची म्हणाली, "पणजीचा हिशेब आहे. पावसाळ्यात मणभर भात द्यायची आणि कापणीला दीड मण घ्यायची."

मैत्रीण क्षणभर गप्प बसली. मग म्हणाली, "अय्या! आणि लाकूड कसलं आहे?"

"साग," मी म्हणालो.