टाळेबंदीतील ऑनलाइन अध्यापन : एक पुनर्विचार

२५ मार्च २०२० रोजी देशव्यापी टाळेबंदी लागू झाल्यानंतर बहुतेक महाविद्यालयांनी आपले वेळापत्रक जवळजवळ जसेच्या तसे झूम व गूगल मीटवर नेले. मूळ गल्लत येथेच झाली, असे म्हणावे लागते. तासिका पाळल्या गेल्या. अध्ययन पाळले गेले काय? थेट तासिकेस अखंड जोडणी लागते. ज्या घरात तीन भावंडांत एकच स्मार्टफोन आहे, तेथील विद्यार्थी हजेरीपटावर केवळ 'गैरहजर' ठरतो.

वस्तुतः या अडचणीचे उत्तर महाराष्ट्रात जुनेच होते. १९८९ साली स्थापन झालेल्या नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्वयं-अध्ययनाची पुस्तके विद्यार्थी आपल्या सवडीने, एकट्याने वाचणार, हे गृहीत धरूनच रचलेली असतात. पारंपरिक महाविद्यालयांनी या परंपरेकडे (स्पष्टच लिहायचे तर) दुय्यम म्हणून पाहिले. घटकाचे नेटके टिपण, छोटी ध्वनिफीत आणि आठवड्यातून एकदा फोनवर शंकानिरसन एवढ्यावरही पुष्कळ साधले असते.

मूल्यमापनातही तेच घडले. अंतिम वर्षाची परीक्षा घेतल्याविना पदवी देता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट २०२० रोजी दिला. त्यानंतर राज्यातील विद्यापीठांनी मुख्यत्वे बहुपर्यायी प्रश्नांच्या ऑनलाइन परीक्षा घेतल्या. साहित्यशास्त्राच्या अभ्यासपत्रिकेत रसांची संख्या अशा रीतीने विचारता येते. करुण रसातून आनंद कसा लाभतो, याचे उत्तर मात्र विद्यार्थ्याला स्वतःच्या वाक्यांत मांडावे लागते.